परत येईन, असे लिहून देताना

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर या बाजूंनी जे प्रश्न येतात, त्यांचे शब्द वेगळे असले तरी गाभा एकच असतो. सरकारच्या पैशाने शिकायला चाललो, तर परत आलेच पाहिजे का? किती वर्षांसाठी? तिकडे नोकरी मिळाली तर? मामाजींनी जामीनदार म्हणून सही केली आहे, त्यांच्या शेतावर काही येईल का?

उत्तरे देणाऱ्यांचीही कमतरता नाही. कुणी सांगतो, काही होत नाही, फायली धूळ खात पडतात. कुणी सांगतो, विमानतळावरच अडवतात. दोघांचेही ऐकू नका. खरे उत्तर तुम्ही सही केलेल्या कागदात असते आणि तो कागद बहुतेकांनी वाचलेला नसतो. अनेकांकडे तर त्याची प्रतही नसते.

आधी हे ठरवा: तुमच्यावर बंधन नेमके कोणते?

सगळ्यालाच आपण ‘बॉन्ड’ म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्या नावाखाली चार वेगळी बंधने असतात. प्रत्येकाचा मालक वेगळा आणि सुटकेचा रस्ताही वेगळा.

- शिक्षण पुरे करण्याचे बंधन. अभ्यासक्रम अर्धवट सोडला, परवानगीशिवाय विषय किंवा विद्यापीठ बदलले, तर मिळालेली रक्कम परत करायची. हे जवळपास प्रत्येक शासकीय शिष्यवृत्तीत असते.
- मायदेशी परतण्याचे बंधन. शिक्षण संपल्यावर ठरलेल्या मुदतीत भारतात यायचे आणि काही योजनांत ठरावीक काळ इथे राहायचे. नोकरी कुणाकडे करायची, हा प्रश्न इथे नसतो.
- सेवेचे बंधन. ज्यांनी पाठवले त्यांच्याकडेच अमुक वर्षे काम करायचे. हे मुख्यतः आधीच नोकरीत असलेल्यांना लागते: प्राध्यापक, सरकारी डॉक्टर, अभियंते, कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ.
- व्हिसाचे बंधन. हे भारत सरकारने घातलेले नसते. ज्या देशात शिकायला गेलात, त्या देशाचा कायदा ते घालतो. भारतातल्या खात्याने मोकळे केले तरी ते उरू शकते.

एकाच माणसावर यातली दोन किंवा तीन बंधने एकत्र असू शकतात. अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापक रजा घेऊन फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर अमेरिकेला गेला, तर महाविद्यालयाला सेवा देण्याचे बंधन एक आणि अमेरिकी व्हिसाचे दुसरे. पहिले फेडले म्हणून दुसरे फिटत नाही.

नुकतेच पदवीधर असाल तर

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी १२५ जणांसाठी आहे. त्यातल्या ११५ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना २० जणांची आहे. राज्यात राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जणांना मिळते, तर ‘सारथी’ संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आणखी ७५ जणांना. आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग आणि खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण यांच्या योजना वेगळ्या आहेत.

या योजनांतून जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. परत या, असे शासन म्हणते; परत आल्यावर नोकरी देतो, असे म्हणत नाही. त्यामुळे ‘सेवा’ हा शब्द तुमच्या बंधपत्रात असला, तर ती कुणाकडे करायची, हे तिथेच विचारून घ्या. शासनाकडे, भारतातील कोणत्याही संस्थेकडे, की नुसते भारतात राहिले तरी चालते? अकोल्यात घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणाऱ्याने निवासाची अट पाळली असे म्हणता येईल. सेवेची अट पाळली, असे म्हणता येईलच असे नाही.

वर्षांचा आकडा या लेखातून, मागच्या बॅचच्या दादाकडून किंवा वर्तमानपत्रातून घेऊ नका. या योजनांच्या उत्पन्नमर्यादा, विद्यापीठांच्या क्रमवारीच्या अटी आणि शुल्कमर्यादा गेल्या काही वर्षांत कितीदा बदलल्या, हे तुम्ही पाहिले आहेच. तुमची निवड झाली त्या वर्षीचा शासन निर्णय, तुमचे मंजुरीपत्र आणि तुमचे बंधपत्र या तीन कागदांत जे लिहिले आहे, तेच तुम्हाला लागू. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार सापडतो. तो छापून बंधपत्राला टाचून ठेवा.

नोकरीत असाल तर

इथे नियम जास्त स्पष्ट आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो.

विद्यापीठ आणि महाविद्यालयीन शिक्षकांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागतात. अध्ययन रजा साधारण दोन वर्षे मिळते, वाढवून तीन. परत रुजू झाल्याच्या तारखेपासून सलग किमान तीन वर्षे त्याच संस्थेत सेवा द्यायची. त्यासाठी बंधपत्र आणि तारण द्यावे लागते. तारणाचे पर्याय चार आहेत: स्थावर मालमत्ता, विमा कंपनीचे हमीपत्र, अनुसूचित बँकेची हमी, किंवा दोन कायम शिक्षकांचा जामीन. आपल्याकडे सगळे डोळे झाकून चौथा पर्याय निवडतात, कारण तो फुकट असतो. स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने तुमच्यासाठी काय पत्करले आहे, ते पुढे जामीनदारांच्या भागात वाचा.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९७२ चे रजा नियम आहेत. परतल्यावर तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला किंवा अभ्यासक्रम पुरा केला नाही, तर रजावेतन, अध्ययन भत्ता, शुल्क, प्रवासखर्च सगळे व्याजासह परत मागता येते. परदेशी सरकारने किंवा प्रतिष्ठानाने तुमच्या शिक्षणावर केलेला खर्चही त्यात धरता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र योग्य मार्गाने अर्ज करून दुसऱ्या सरकारी नोकरीत गेलात, तर उरलेल्या काळाचे नवे बंधपत्र तिकडे देऊन वसुली टाळता येते. म्हणून विद्यापीठातल्या जागेसाठी गुपचूप अर्ज करू नका. ‘ना हरकत’ घेऊन करा.

राज्य कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील अध्ययन रजेचे प्रकरण वाचावे. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या लोकांनी आपल्या परिनियमांची प्रत आस्थापना शाखेतून घ्यावी.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची गोष्ट निराळी. त्यांचे एक वर्षाचे सेवाबंधन इथल्या शिक्षणाचे आहे, परदेशातल्या नव्हे. ते पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊनच निघावे. अशी बंधने सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवली आहेत, तेव्हा ‘कोर्टात टिकत नाही’ हा सल्ला जुना झाला.

सही करण्यापूर्वी बंधपत्रात काय पाहाल?

कागद साधारण आठ-दहा पानांचा, भाषा कोर्टाची. तरी रात्री दिव्याखाली बसून पेन्सिलने पुढील जागा खुणावता येतात:

1. मुदत कधीपासून मोजायची: परीक्षा संपल्यापासून, पदवी मिळाल्यापासून की शिष्यवृत्ती बंद झाल्यापासून? पीएच.डी.च्या बाबतीत या तीन तारखांत दीड वर्षाचे अंतर पडू शकते.
2. मोडल्यास परत करायची रक्कम: प्रत्यक्ष दिलेली, की ठोक आकडा? व्याज कोणत्या तारखेपासून? परकीय चलनाचा दर कोणत्या दिवसाचा?
3. काही काळ सेवा झाली असेल, तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते का?
4. ‘शासन वेळोवेळी करील ते बदल बंधनकारक राहतील’ असे वाक्य आहे का? असेल तर पुढचे शासन निर्णयही तुम्हाला लागू होऊ शकतात. नसेल, तर तुमच्या संमतीशिवाय अटी कडक करता येत नाहीत, असा मुद्दा तुम्हाला मांडता येतो.
5. ‘जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करता येईल’ हे वाक्य. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात जड वाक्य हेच. दावा न लावता तहसीलदारामार्फत वसुली होऊ शकते आणि सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो.
6. मृत्यू, गंभीर आजार, युद्ध किंवा साथ यांसाठी सूट आहे का?

बंधपत्र मुद्रांकावर हवे की साध्या कागदावर, किती रुपयांच्या, हे योजनेच्या पत्रात दिलेले असते. जातीच्या वा उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे म्हणून बंधपत्रालाही माफ असेल, असे गृहीत धरू नका. कोऱ्या जागा सोडून सही करायची नाही. प्रत्येक पानावर सही करायची आणि नोटरीकडून बाहेर पडण्यापूर्वी पूर्ण कागदाची रंगीत प्रत काढायची. मूळ कागद पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयात किंवा दिल्लीला गेला, की तो पुन्हा दिसायला माहितीचा अधिकार वापरावा लागतो.

जामीनदार: इथे घाई करू नका

वऱ्हाडात हे काम कसे होते, ते आपण सगळे जाणतो. व्हिसाची तारीख आठवड्यावर आलेली असते. जिल्हा परिषदेत मास्तर असलेले मामाजी आणि पाच एकर कोरडवाहू असलेले काकाजी यांना तहसील कचेरीसमोर बोलावले जाते. ऐपतीचा दाखला, सातबारा, फॉर्म १६ गोळा होतात. ‘करून टाका ना सही, काई होत नाई,’ असे कुणीतरी म्हणते आणि सही होते. चहा पाजून मंडळी घरी जातात.

आता त्या सहीचा अर्थ पाहा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. शासनाने आधी तुमच्या मागे लागावे, तुम्ही सापडला नाहीत तरच मामाजींकडे यावे, असा क्रम कायद्यात नाही. तुम्ही टोरंटोत आणि मामाजी दर्यापुरात असतील, तर नोटीस आधी कुठे पोचेल, हे सांगायला नको.

रक्कम किती? राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत निर्वाहभत्ता अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड आहे. दोन वर्षांच्या अमेरिकी पदव्युत्तर शिक्षणाचा भत्ताच ३०,८०० डॉलर होतो. त्यावर शिकवणी शुल्क, विमा, विमानभाडे. सगळे मिळून पन्नास-साठ लाख रुपयांचा आकडा सहज ओलांडतो. मामाजींच्या निवृत्तीच्या पैशापेक्षा तो मोठा असू शकतो. हा आकडा कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवल्याशिवाय त्यांची सही घेणे, माझ्या मते, अन्याय आहे. ते तरीही सही करतील. आपल्याकडे माणसे करतात. पण कळून करतील.

जामीनदारांनी आपले हक्कही जाणून घ्यावेत:

- तुमच्या संमतीवाचून शासन आणि विद्यार्थी यांनी कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरती तुमची सुटका होते (कलम १३३). मास्टर्ससाठी दिलेला जामीन पीएच.डी.ला परस्पर लावला गेला, तर हा मुद्दा कामाचा. बंधपत्रात हा हक्क सोडून दिल्याचे वाक्य आहे का, तेवढे पाहा.
- तुम्ही जे भराल, ते विद्यार्थ्याकडून वसूल करण्याचा तुम्हाला हक्क आहे (कलम १४५). नात्यात असे कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.
- जामीनदार वारला तर वारसांची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. वारसाच्या स्वतःच्या पगारावर ती येत नाही.
- मधेच ‘मी जामीन काढून घेतो’ असे एकतर्फी पत्र चालत नाही. दुसरा जामीनदार द्यावा लागतो आणि खात्याने तो लेखी स्वीकारावा लागतो.

बंधपत्राची एकेक प्रत दोन्ही जामीनदारांच्या घरी असली पाहिजे. तुमचा पत्ता, ईमेल, विद्यापीठ बदलले की खात्याला कळवा, तसे त्यांनाही कळवा.

तिकडे नोकरी मिळाली तर

सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. चूक नोकरी घेण्यात नसते. न विचारता घेण्यात असते.

ब्रिटनपासून सुरुवात करू. तिथे शिक्षणानंतर काम करण्यासाठी ‘ग्रॅज्युएट’ व्हिसा मिळतो. पण गेल्या बारा महिन्यांत तुमचे शुल्क आणि राहण्याचा खर्च हे दोन्ही एखाद्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने दिले असतील, तर त्या पुरस्कर्त्याची लेखी संमती जोडावी लागते. तिथे राहून ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसाकडे जातानाही तसेच. म्हणजे पुण्याच्या किंवा दिल्लीच्या कार्यालयातून आलेले पत्र हातात नसेल, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. हे पत्र आठवड्यात येत नाही. प्रबंध सादर करण्याच्या निदान चार महिने आधी मागणी करा, आणि ती करताना काम किती महिन्यांचे, परतीची तारीख कोणती, बंधन त्यानंतर पाळणार का, हे स्पष्ट लिहा. ‘कृपया परवानगी द्यावी’ एवढ्याच अर्जावर कोणताही अधिकारी सही करायला धजत नाही. मुदतीचा आणि परतीचा उल्लेख असला, तर त्याला फाईलवर शेरा मारता येतो.

ब्रिटिश सरकारच्याच चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर गेला असाल, तर संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी परतणे ही मूळ अटच आहे.

अमेरिकेत व्हिसाच्या प्रकारावर सगळे अवलंबून. तुम्हाला विद्यापीठाने आय-२० दिले तर एफ-१ व्हिसा, डीएस-२०१९ दिले तर जे-१. भारत सरकारच्या, राज्याच्या किंवा अमेरिकी सरकारच्या पैशाने जे-१ वर गेलात, तर दोन वर्षे मायदेशात राहण्याची अट लागते. ही अट अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१२ (ई) मधली. ती पुरी होईपर्यंत एच-१बी किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही. पर्यटक म्हणून जाता येते. दोन वर्षे सलगच हवीत असे नाही, तुकड्यांची बेरीज चालते.

शिक्षणाच्या विषयामुळे हीच अट लावणाऱ्या आपल्या कौशल्य-यादीतून ९ डिसेंबर २०२४ पासून अमेरिकेने भारताला वगळले, आणि ‘आता भारतीयांना दोन वर्षांची अट नाही’ अशी बातमी फिरली. ती अर्धीच खरी. विषयामुळे लागणारी अट गेली, सरकारी पैशामुळे लागणारी तशीच आहे. एफ-१ आणि जे-१ यांत निवड करण्याची संधी असेल, तर शिष्यवृत्तीधारकाने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारावा. नंतर विचारून उपयोग नाही.

या अटीतून सूट मागायची, तर भारताकडून ‘परतण्याचे बंधन नाही’ असे प्रमाणपत्र लागते. परदेशातील भारतीय त्याला ‘नोरी’ म्हणतात. राज्य शासन, पासपोर्ट कार्यालय (आपल्याकडच्यांसाठी नागपूर), शिक्षण मंत्रालय, अमेरिकेतील भारतीय वकिलात अशी ही साखळी आहे. ज्याने शासनालाच ‘परत येईन’ असे लिहून दिले आहे, त्याला शासन ‘परतण्याची गरज नाही’ असे लिहून देईल, ही अपेक्षा धरू नये. आधी बंधपत्राचा हिशेब मिटवा, मग नोरीला हात घाला. डॉक्टरांसाठी तर आरोग्य मंत्रालयाने २०११ पासून हा दरवाजा जवळपास बंदच केला आहे. अपवाद पासष्ट वर्षांवरच्यांचा.

बडोद्याचा करार

परतीच्या सेवेचा आपल्या इतिहासातला सगळ्यांत ठळक करार ४ जून १९१३ चा आहे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदा संस्थानाला लिहून दिले, की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करीन. बदल्यात सयाजीराव महाराजांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब शब्द पाळायला बडोद्यात हजर झाले. कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले. त्यानंतर खर्चाच्या परतफेडीसाठी संस्थानाचा पत्रव्यवहार बरीच वर्षे चालू राहिला.

हे इथे सांगण्याचे कारण कायद्याचे आहे. काम करायला माणूस तयार होता. काम करू देण्याची परिस्थिती दुसऱ्या बाजूने दिली नाही. करार अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये नेमके हेच आहे: ज्याला वचन दिले, त्याने ते पाळण्यासाठी वाजवी सोय करून दिली नाही, तर त्या न पाळण्याबद्दल वचन देणारा माफ ठरतो. म्हणजे सेवेचे बंधपत्र एकतर्फी नसते. तुम्ही परत आलात, रुजू व्हायला गेलात आणि संस्थेने जागाच दिली नाही, तर दोष तुमचा नाही. पण तो तुमचा नाही, हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा.

तो कागद म्हणजे परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत पाठवलेले पत्र. साधारण असे:

‘मी अमुक योजनेखाली, अमुक आदेशाने अमुक विद्यापीठात शिक्षण घेतले. दि. ... रोजी अभ्यासक्रम पूर्ण करून दि. ... रोजी भारतात परतलो आहे. बंधपत्रातील कलम ... प्रमाणे सेवा देण्यास मी तयार आहे. सेवा कोठे व कोणत्या तारखेपासून द्यावयाची, हे कृपया लेखी कळवावे. तोपर्यंत मी खालील पत्त्यावर उपलब्ध आहे.’

पोच देणाऱ्या टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा. सोबत पासपोर्टवरील प्रवेशाच्या शिक्क्याची आणि बोर्डिंग पासची प्रत जोडा. उत्तर आले नाही तर महिन्याने स्मरणपत्र, पुन्हा दोन महिन्यांनी एक. तीन पत्रे आणि त्यांच्या पोचपावत्या हा तुमचा उद्याचा बचाव आहे.

वसुलीची नोटीस आली तर

पहिली गोष्ट, ती घ्या. पोस्टमनला ‘घरी नाही’ सांगून नोटीस टळत नाही.

दुसरी, ‘इतक्या वर्षांनी कशी मागता?’ हे उत्तर पुरेसे नाही. खासगी माणसाला करारावर दावा लावायला साधारण तीन वर्षे असतात. सरकारला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ११२ नुसार तीस. धूळ खात पडलेली फाईल तीस वर्षांत कधीही झटकली जाऊ शकते.

तिसरी, रक्कम निमूट मान्य करू नका. तुम्ही हे मागू शकता:

- वसुलीपूर्वी लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी. थेट वसुली आदेश आला असेल, तर हाच पहिला आक्षेप.
- हप्त्यागणिक हिशेब: कोणत्या तारखेला किती रक्कम, कोणत्या दराने, व्याज कसे धरले.
- ठोक रक्कम असेल तर ती वाजवी आहे का, याची तपासणी. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. भरपाई ‘वाजवी’च द्यायची असते.
- झालेल्या सेवेची वजावट आणि हप्त्यांची सोय. बंधपत्र गप्प असले तरी मागायला हरकत नाही.

याच्या उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. ‘असे बंधन म्हणजे वेठबिगारी, ते बेकायदा आहे’ हा युक्तिवाद घेऊन फार लांब जाता येणार नाही. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेचे किंवा दोन लाख रुपयांच्या भरपाईचे कलम वैध ठरवले. भांडायचे तर रक्कम, पद्धत आणि हिशेब यांवर भांडा. बंधन आहे की नाही, यावर नको.

पासपोर्टची भीती अनेकांना असते. बंधपत्र मोडले म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. पासपोर्ट अधिनियम, १९६७ मध्ये जप्तीची कारणे ठरलेली आहेत आणि अधिकाऱ्याला ती लेखी नोंदवावी लागतात. त्या आदेशावर अपीलही आहे. मात्र फौजदारी प्रकरण उभे राहिले, उदाहरणार्थ खोटा दाखला जोडल्याचे, तर गोष्ट बदलते.

मूळ बंधपत्र किंवा फाईलवरचे शेरे हवे असतील, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवस. तहसीलदाराकडून कारवाई सुरू झाली तर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ तुमच्यासाठी जवळचे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात आहे. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय आहे.

पदवी, आणि शेवटचा कागद

परत येऊन इथे प्राध्यापकी करायची असेल, तर परदेशी पदवीची समकक्षता लागते. २०२५ पासून त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वतंत्र विनियम आहेत. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सबद्दल पूर्वी फार त्रास व्हायचा. जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन करारानंतर तो पुष्कळ कमी झाला. तरी गुणपत्रके, अभ्यासक्रमाचा आराखडा आणि प्रत्यक्ष वर्गात शिकल्याचे विद्यापीठाचे पत्र तिकडून निघतानाच घ्या. नंतर ईमेलवर मागवताना सेमिस्टर निघून जाते.

बंधन पूर्ण झाले, की ते आपोआप मिटले असे समजू नका. खात्याकडे बंधमुक्तीचे पत्र मागा. त्यात तुमच्याबरोबर दोन्ही जामीनदारांची नावे घालून, ते जबाबदारीतून मोकळे झाल्याचे लिहून घ्या. मूळ बंधपत्र ‘रद्द’ शेरा मारून परत मिळते का, तेही विचारा. जामीनदाराच्या जमिनीवर बोजा चढलेला असेल, तर त्या पत्राची प्रत जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढा आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात तुमच्या नावाची नोंद उरलेली नाही, एवढे स्वतः वाचून पाहा.